गाडीच्या एसीतून येणारा आवाज : गॅस भरण्याआधी काय ऐकावे, काय तपासावे?

नवी दिल्ली : भर दुपारी गाडीचा एसी सुरू केला आणि डॅशबोर्डमागून टिकटिक, बॉनेटखालून घरघर किंवा पायाजवळ पाण्याची गुडगुड ऐकू आली, की बहुतेक वाहनधारक दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण गाण्यांचा आवाज वाढवून त्याकडे दुर्लक्ष करतात. काही जण थेट गॅरेज गाठून ‘गॅस भरून द्या’ असे सांगतात. दोन्ही मार्ग महागात पडू शकतात. वाळक्या पानांमुळे होणाऱ्या खडखडीसाठी गॅसचे पैसे मोजले जातात, आणि इंजिन तापण्याची पूर्वसूचना देणारी गुडगुड मात्र घाटाच्या मध्यावर गाडी बंद पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आवाज कोणत्या भागाचा आहे, हे ओळखण्यासाठी तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही. तो नेमका केव्हा सुरू होतो, केव्हा थांबतो आणि कशाबरोबर वाढतो, एवढे टिपले तरी दोषाची जागा बऱ्याच अंशी निश्चित होते. दहा मिनिटांची ही तपासणी घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या मोकळ्या वाहनतळावरही करता येते.

एका डॅशबोर्डमागे दोन यंत्रणा

गाडीतील हवा थंड करणे आणि गरम करणे ही दोन्ही कामे एकाच बटणांच्या पट्टीवरून होतात. त्यामुळे ती यंत्रणाही एकच असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत.

थंड करणाऱ्या यंत्रणेत शीतकारक वायू, म्हणजे बोलीभाषेतील ‘गॅस’, बंद नळ्यांमधून फिरत असतो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर तो दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. पुढे एका अरुंद झडपेतून तो डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये शिरतो, तेथे दाब एकदम घटल्याने त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो केबिनमधील हवेतून शोषून घेतो. भारतातील बहुसंख्य मोटारींमध्ये वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू सामान्य दाबाखाली उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो, यावरून त्याची शीतलता लक्षात यावी.

गरम करणाऱ्या यंत्रणेत मात्र हा वायू नसतो. इंजिन थंड राखण्यासाठी फिरणारे कूलंट तापते. त्यातील काही भाग डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून जातो आणि ब्लोअरची हवा त्यावरून वाहताना गरम होते. अनेक गाड्यांमध्ये हीटर बंद असतानाही त्यातून कूलंट फिरतच असते. म्हणूनच ज्यांनी आयुष्यात कधी गाडीचा हीटर लावला नाही, अशा मुंबई किंवा चेन्नईतील वाहनधारकांनाही हीटर कोअरमधील आवाज ऐकू येऊ शकतो.

या दोन्ही यंत्रणांमध्ये सामाईक असलेले भाग म्हणजे हवा ढकलणारा ब्लोअर आणि हवेची दिशा व तापमान बदलणाऱ्या प्लास्टिकच्या झडपा. तपासणीची सुरुवातही तेथूनच करावी.

दहा मिनिटांची तपासणी

गाडी मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून उभी करावी. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फरक ऐकावा.

पहिली पायरी : इंजिन सुरू न करता केवळ इग्निशन चालू करावे. बटणावर सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबले की हे साधते. आता ब्लोअर एकेका पायरीने वाढवत न्यावा. आवाज आला आणि ब्लोअरच्या गतीबरोबर वाढला, तर दोष ब्लोअरमध्ये किंवा त्याच्या हवेच्या मार्गात आहे. कॉम्प्रेसर आणि गॅस यांचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी पायरी : याच स्थितीत तापमानाची कळ थंडकडून गरमकडे आणि परत फिरवावी, हवेची दिशा काचेकडे, चेहऱ्याकडे, पायांकडे अशी बदलावी. प्रत्येक बदलानंतर टिकटिक होत असेल, तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरकडे लक्ष द्यावे.

तिसरी पायरी : ब्लोअर आणि एसी दोन्ही बंद ठेवून इंजिन सुरू करावे. या वेळीही आवाज येत असेल, तर तो पट्टा, वॉटर पंप, अल्टरनेटर किंवा कॉम्प्रेसरची पुली यांपैकी कोणाचा तरी असतो.

चौथी पायरी : एसी सुरू करावा. आवाज त्याच क्षणी उमटला आणि एसी बंद करताच थांबला, तर संशय कॉम्प्रेसरवर किंवा कंडेन्सरच्या पंख्यावर जातो. अॅक्सिलरेटर हळुवार दाबल्यावर आवाजाची पट्टी चढली, तर तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागाचा आहे. पंखा विजेवर चालतो. बहुतेक गाड्यांत इंजिनची गती वाढली तरी त्याचा सूर तसाच राहतो.

हे सारे आवाज मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवणे उपयुक्त ठरते. गॅरेजमध्ये पोहोचल्यावर आवाज नाहीसा होणे, हा वाहनधारकांचा जुनाच अनुभव आहे.

काळजी न करण्यासारखे आवाज

काही आवाज यंत्रणा व्यवस्थित चालत असल्याचेच दर्शवतात. इंजिन बंद केल्यावर डॅशबोर्डमागून काही सेकंद येणारी फुसफुस ही दोन बाजूंचा दाब समान होत असल्याची असते. एसी सुरू होताना बॉनेटखाली होणारा एकच ‘टक्’ हा कॉम्प्रेसरचा चुंबकीय क्लच जोडला गेल्याचा असतो. नव्या काही गाड्यांत असा क्लच नसतो, त्यामुळे तो आवाजही येत नाही. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा काही काळ घोंघावत राहणे हेही स्वाभाविक आहे. या कारणास्तव तापलेल्या गाडीच्या बॉनेटखाली पंख्याजवळ हात घालणे टाळावे. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

दमट हवेत एसी लावल्यावर गाडीखाली पाणी ठिबकणे हीही तक्रार नव्हे. कूलिंग कॉइलवर जमलेले हवेतील बाष्प पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडते. उलट मुंबई किंवा कोलकात्याच्या दमट हवेत तासभर एसी चालूनही एक थेंब पडला नाही, तर ती शंकेची जागा आहे.

डॅशबोर्डमागची खडखड

बाहेरची हवा ज्या जाळीतून आत येते, ती बहुतेक गाड्यांत पुढील काचेच्या पायथ्याशी असते. गुलमोहर, कडुनिंब किंवा पिंपळाखाली गाडी उभी राहिली की वाळकी पाने आणि काटक्या या जाळीवर साचतात आणि त्यातील काही आत ब्लोअरपर्यंत पोहोचतात. पंख्याच्या पात्यांत पान अडकले की फडफड, काटकी अडकली की खडखड ऐकू येते. केबिनचा एअर फिल्टर ही पाने अडवतो. मात्र स्वस्त श्रेणीतील अनेक जुन्या गाड्यांमध्ये तो बसवलेलाच नसे. पावसाळ्यात आडोसा शोधणारे उंदीरही येथे घरटे करतात. कुजका वास आणि खडखड एकत्र आल्यास प्रथम हाच भाग उघडून पाहावा.

फिल्टर आणि ब्लोअर बहुतेक गाड्यांत डावीकडील कप्प्याच्या मागे असतात. फिल्टर अनेकदा कोणत्याही हत्याराविना काढता येतो. तो धुळीने गच्च भरला असेल, तर हवा कमी येते आणि ब्लोअरचा आवाज मोठा होतो. ‘थंडावा कमी झाला’ या तक्रारीमागेही पुष्कळदा हेच कारण असते. पाने नसतानाही ‘चीं चीं’ असा चिरका आवाज येत असेल, तर ब्लोअरच्या मोटरमधील बूश किंवा बेअरिंग झिजले असण्याची शक्यता असते.

गाडी सुरू करताच आणि तापमान बदलताच काही सेकंद टिकटिक होणे, हे झडपेच्या मोटरमधील प्लास्टिकच्या दातेरी चाकाचे लक्षण आहे. चाकाचा दात तुटला की मोटर फिरते, झडप मात्र जागची हलत नाही. यात धोका नाही. पण झडप चुकीच्या जागी अडकली, तर एकीकडे थंड आणि एकीकडे गरम हवा येऊ शकते. सुटा भाग लहान असला, तरी काही गाड्यांत तो बदलण्यासाठी डॅशबोर्डचा मोठा भाग खोलावा लागतो. त्यामुळे काम देण्यापूर्वी मजुरीची चौकशी करावी.

वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर डॅशबोर्डखाली पाणी हिंदकळल्याचा आवाज आला आणि डावीकडच्या पायपुसण्याखाली ओल आढळली, तर पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असते. नळी साफ करणे किरकोळ काम आहे. ते लांबणीवर टाकल्यास गालिचा कुजतो आणि त्याखालील विजेच्या जोडण्यांना गंज चढतो.

बॉनेटखालची घरघर आणि किंचाळी

एसी लावताच क्षणभर किंचाळल्यासारखा आवाज येणे, हे सैल झालेला किंवा झिजून गुळगुळीत झालेला पट्टा पुलीवर घसरत असल्याचे चिन्ह आहे. पावसाळ्यात भिजलेला पट्टाही सकाळी असाच किंचाळतो आणि सुकल्यावर शांत होतो. कोरड्या हवेतही आवाज येत राहिला, तर पट्टा आणि तो ताणून धरणारी पुली तपासून घ्यावी.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत दोन आवाजांतील भेद ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. एसी सुरू असतानाच येणारी खडखड किंवा ठोके हे कॉम्प्रेसरच्या अंतर्भागातील झिजेचे, क्लच घसरण्याचे किंवा गॅस प्रमाणाबाहेर भरला गेल्याचे लक्षण असू शकते. एसी बंद असतानाही येणारी, इंजिनच्या गतीबरोबर वाढणारी घरघर मात्र पुलीच्या बेअरिंगची असू शकते. ही पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरतच राहते. साहजिकच ‘एसी लावला नाही म्हणजे झाले’ हा उपाय येथे लागू पडत नाही.

या घरघरीकडे दुर्लक्ष केल्यास एसीपुरतेच नुकसान होत नाही. आधुनिक गाड्यांत बहुधा एकच लांब पट्टा अल्टरनेटर, कॉम्प्रेसर आणि अनेक गाड्यांत वॉटर पंपही फिरवतो. बेअरिंग जाम झाले, तर हा पट्टा जळू किंवा तुटू शकतो. मग बॅटरीचे चार्जिंग थांबते, कूलंट फिरणे थांबते आणि काही मिनिटांतच इंजिन तापू लागते. वेळेवर बदललेले बेअरिंग आणि रस्त्यात तापलेले इंजिन यांच्या खर्चातील तफावत प्रचंड असते.

क्लच दर काही सेकंदांनी टक्-टक् असा जोडला आणि सोडला जात असेल व हवाही पुरेशी थंड नसेल, तर गॅस कमी झाल्याची शक्यता असते. दाब ठरावीक पातळीखाली गेला की सुरक्षिततेसाठी यंत्रणा कॉम्प्रेसर बंद करते.

गॅस संपत नाही, गळतो

पेट्रोलप्रमाणे एसीचा गॅस वापरून संपतो, हा सर्वदूर पसरलेला गैरसमज आहे. बंद नळ्यांमधील वायू तोच तो फिरत असतो. रबरी नळ्या आणि सांध्यांमधून वर्षानुवर्षे अल्पसा झिरपा होऊ शकतो. पण एका उन्हाळ्यात भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला नाही, तर कोठेतरी गळती आहे, हे निश्चित समजावे. डॅशबोर्डमागून सतत येणारी फुसफुस आणि त्याबरोबर घटत जाणारा थंडावा, हे त्याचे एक लक्षण आहे.

गळती न शोधता पुनःपुन्हा गॅस भरण्याचा तोटा केवळ आर्थिक नाही. कॉम्प्रेसरला वंगण पुरवणारे तेल याच वायूबरोबर फिरते. गळतीतून वायूसोबत तेलही जाते आणि अपुऱ्या वंगणावर चालणारा कॉम्प्रेसर घासू लागतो. आज ऐकू येणारी फुसफुस उद्या खडखड होते ती अशी.

म्हणून गॅस भरण्यास सांगण्यापूर्वी गॅरेजमध्ये तीन प्रश्न विचारावेत. गळती कोठे आहे आणि ती कशी शोधली? भरण्याआधी पंप लावून नळ्यांतील हवा आणि ओलावा पूर्णपणे काढणार का? आणि गॅस वजन करून किती ग्रॅम भरणार? गाडीसाठी कोणता वायू आणि किती ग्रॅम लागतो, हे सहसा बॉनेटखालील चिकटपट्टीवर छापलेले असते. अंदाजाने जादा भरलेला गॅस दाब वाढवतो, थंडावा मात्र कमी करतो. लेबल नसलेल्या डब्यातील गॅस घेऊ नये. काही पर्यायी वायू ज्वलनशील हायड्रोकार्बन असतात.

हा प्रश्न पर्यावरणाशीही निगडित आहे. आर-१३४ए या वायूची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट मानली जाते. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणाऱ्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून २०३२ पासून कपात सुरू करून २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर नेण्याचे वेळापत्रक त्यात आहे. गळती शोधून बुजवणे हा त्यातील वाहनधारकाच्या हातातला भाग आहे.

गुडगुड : सर्वांत गंभीर इशारा

इंजिन सुरू केल्यावर किंवा चढावर वेग वाढवताना डॅशबोर्डमागे नळीतून पाणी धावल्यासारखी गुडगुड होत असेल, तर हीटर कोअरमध्ये हवा शिरलेली असते. नुकतेच कूलंट बदलले असेल, तर भरताना राहिलेली हवा पूर्ण काढलेली नसावी. तसे नसेल, तर कूलंटची पातळी कोठून तरी घटत आहे.

अशा वेळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेटखालील पारदर्शक टाकीवरील दोन खुणांमध्ये पातळी आहे का, हे पाहावे. रेडिएटरचे किंवा दाबाखालील टाकीचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. त्यातील दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही द्रव उकळत नाही. झाकण सैल होताच तो उसळून चेहरा आणि हात भाजतो.

गुडगुडीबरोबर केबिनमध्ये गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धूसर थर दिसत असेल, तर हीटर कोअरच गळत असण्याची शक्यता आहे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड असल्याने मुले व पाळीव प्राणी त्याकडे आकृष्ट होऊ शकतात. बाहेर कोठेही गळती नसताना पातळी घटत राहिली आणि धुराड्यातून पांढरा धूर सतत येऊ लागला, तर इंजिनच्या हेड गॅस्केटची तपासणी अनिवार्य ठरते.

तापमानाचा काटा वर जात असताना हीटरमधून मात्र थंडच हवा येत असेल, तर कूलंट हीटरपर्यंत पोहोचेनासे झाले आहे, असे समजावे. अशी गाडी पुढे नेऊ नये.

कसारा घाटासारख्या चढावर काटा चढू लागल्यास प्रथम एसी बंद करावा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण क्षमतेने लावावा आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद करावे. हीटरमुळे इंजिनची थोडी उष्णता बाहेर निघते आणि जागा शोधण्यापुरता अवधी मिळतो. नाइलाजाने साधे पाणी भरावे लागले, तरी ते इंजिन थंड झाल्यावरच भरावे आणि पुढे योग्य कूलंट घालून घ्यावे. नळाच्या पाण्याने क्षार साचतात व गंज चढतो. कारगिल, द्रास किंवा लाहौलच्या थंडीत तर केवळ पाण्यावर चालवलेली गाडी रात्रीतून गोठून इंजिनला तडा जाऊ शकतो. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंत गोठत नाही.

थंडीतील एसी, विजेवरील गाडी आणि ट्रकची केबिन

उत्तर भारतातील धुक्याच्या दिवसांत काचेवरील बाष्प हटवण्याचे बटण दाबल्यावर बॉनेटखाली कॉम्प्रेसरचा आवाज येतो आणि हिवाळ्यात एसी कसा सुरू झाला, असा प्रश्न पडतो. हा बिघाड नव्हे. कूलिंग कॉइल हवेतील ओलावा काढून घेते आणि तीच कोरडी हवा गरम होऊन काचेवर येते. त्यामुळे कॉम्प्रेसर नादुरुस्त असेल, तर धुक्यात समोरचे दिसण्यावरही परिणाम होतो.

विजेवरील गाड्यांत इंजिनचा आवाज नसल्याने पंखे आणि विद्युत कॉम्प्रेसर अधिक ठळकपणे ऐकू येतात. चार्जिंग सुरू असताना उभ्या गाडीतून येणारी घरघर बहुधा बॅटरी थंड करणाऱ्या यंत्रणेची असते. या गाड्यांच्या विद्युत कॉम्प्रेसरमध्ये सहसा वीज न वाहू देणारे विशिष्ट तेल वापरलेले असते आणि नारिंगी रंगाच्या तारांमध्ये उच्च दाबाची वीज असते. त्यामुळे येथे घरगुती प्रयोग करू नयेत. काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहू ट्रकच्या चालक केबिनमध्ये एसी अनिवार्य करण्यात आला आहे. धूळ आणि उष्णता सोसत दिवसभर चालणाऱ्या या केबिनमध्ये फिल्टरची स्वच्छता आणि आवाजाकडे वेळीच लक्ष देणे याला अधिकच महत्त्व येणार आहे.

केव्हा थांबावे, केव्हा थांबता येईल

टिकटिक, फडफड आणि पाणी हिंदकळणे यांसाठी सवडीने गॅरेजला जाता येते. किंचाळणारा पट्टा आणि सतत जोडला-सोडला जाणारा क्लच त्याच आठवड्यात तपासून घ्यावा. एसी बंद असूनही येणारी घरघर, काट्यासह वाढणारी गुडगुड, जळक्या रबराचा वास किंवा बॅटरीचा लाल दिवा यांपैकी काहीही आढळल्यास गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि ओढून नेण्याची व्यवस्था करावी.

गॅरेजमध्ये ‘एसी आवाज करतो’ एवढेच सांगण्याऐवजी इंजिन बंद असताना आवाज होता का, ब्लोअरबरोबर वाढला का, एसी बंद केल्यावर थांबला का आणि कूलंटची पातळी काय होती, हे चार तपशील कागदावर लिहून द्यावेत. त्यामुळे मेकॅनिकचा वेळ वाचतो आणि नको असलेल्या दुरुस्तीचे बिलही टळते.